ऱ्योरोस : खाण संपल्यानंतरची पालिका

गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे आणि २०११ च्या जनगणनेनुसार इथली लोकसंख्या साडेचौदा लाखांहून थोडी अधिक आहे. नॉर्वेच्या मध्यभागी, स्वीडनच्या सरहद्दीला लागून ऱ्योरोस नावाची एक पालिका आहे. तिचे क्षेत्रफळ सुमारे १,९५६ चौरस किलोमीटर, म्हणजे अर्ध्या गोव्याहून जास्त, आणि तिथे राहणारी माणसे मात्र साडेपाच हजारांच्या आसपास आहेत. आमच्या डिचोली तालुक्यातल्या एखाद्या बऱ्यापैकी मोठ्या पंचायतीत ती सगळी मावतील.

एवढ्या दूरच्या, एवढ्या थंड आणि एवढ्या रिकाम्या प्रदेशाविषयी मी वाचत राहतो, त्याचे कारण खाण आहे. ऱ्योरोस हे तांब्याच्या खाणीवर ३३३ वर्षे जगलेले गाव आहे. १६४४ साली तिथे काम सुरू झाले आणि १९७७ साली कंपनी दिवाळखोरीत निघाली. गाव मात्र ओस पडले नाही. आमच्या गोव्यातल्या लोहखनिजाच्या पट्ट्यात २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, मध्येच काही काळ चालल्या, २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या आणि नंतर लिलावाचे पर्व आले. या सगळ्या काळात ‘खाण गेल्यावर गावाने काय करायचे’ हा प्रश्न आमच्याकडे चहाच्या टेबलापासून विधानसभेपर्यंत सर्वत्र विचारला गेला आणि उत्तर बहुधा एकच मिळाले, की खाण पुन्हा सुरू करा. ऱ्योरोसला ते उत्तर उपलब्ध नव्हते, आणि म्हणूनच त्या पालिकेचा इतिहास, तिथली जमीन आणि तिथला कारभार या तिन्ही गोष्टी एकत्र वाचाव्यात असे मला वाटते.

आधी जमीन. ऱ्योरोसचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटर उंचीवर, एका विस्तीर्ण आणि झाडे विरळ असलेल्या पठारावर वसलेले आहे. नॉर्वे म्हटल्यावर चित्रांत दिसणारे फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेले समुद्राचे चिंचोळे फाटे, मासेमारीच्या होड्या आणि पाण्याकाठची रंगीत घरे यांपैकी इथे काहीच नाही. हा आतला, कोरडा, कडक थंडीचा मुलूख आहे. १९१४ च्या जानेवारीत इथे उणे ५०.४ अंश तापमानाची नोंद झाली होती. नॉर्वेतील सर्वांत लांब नदी ग्लोमा ही याच पालिकेतील औरसुंडेन सरोवरातून बाहेर पडते आणि सहाशे किलोमीटरांहून अधिक वाट चालून ऑस्लोच्या दक्षिणेला फ्रेड्रिकस्टाडजवळ समुद्राला मिळते. दक्षिणेला फेमुंड हे मोठे सरोवर आहे. उन्हाळा इतका आखूड, की धान्य पिकेल याची खात्री नसते; गवत मात्र येते. त्यामुळे या पठारावर शेती म्हणजे मुख्यतः गुरे, आणि गुरे म्हणजे थंडीच्या दीर्घ महिन्यांसाठी साठवून ठेवलेला चारा.

खाण येण्यापूर्वी हा प्रदेश निर्मनुष्य होता असे सांगण्याची एक पद्धत आहे, आणि ती खाणकंपन्यांना सर्वत्र सोयीची असते. प्रत्यक्षात थोडी शेतकरी कुटुंबे इथे होती, आणि दक्षिणी सामी या इथल्या आदिवासी लोकांचे रेनडिअरचे कळप या डोंगरांवर चरत होते. सामी समाज आजही या भागात रेनडिअर पाळतो. राज्याच्या कागदावर त्याची दखल उमटायला फार उशीर लागला. ऱ्योरोस पालिका सामी भाषेच्या प्रशासकीय क्षेत्रात समाविष्ट झाली ती २०१८ साली.

तांबे सापडल्याची कथा अशी सांगतात, की हान्स ओल्सेन ओसेन या शेतकऱ्याने एका रेनडिअरची शिकार केली, आणि मरताना त्या जनावराने झाडलेल्या खुरांनी शेवाळ उखडून खालचा चमकणारा खडक उघडा पडला. आख्यायिका म्हणून ती ठीक आहे. खाण उघडण्यामागचे खरे बळ कोपनहेगनच्या राजदरबारात होते. नॉर्वे तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होते आणि राजा चौथा क्रिस्तियान याला लढाया आणि बांधकामे यांसाठी पैसा हवा होता. १६४६ साली त्याने खाणीला जी सनद दिली ती मला सबंध इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. मूळ खाण मध्यबिंदू धरून चार जुन्या नॉर्वेजियन मैलांच्या, म्हणजे सुमारे ४५ किलोमीटरांच्या त्रिज्येचे एक वर्तुळ नकाशावर कल्पिले गेले आणि त्या वर्तुळातील खनिज, जंगल आणि वाहते पाणी यांवर कंपनीला हक्क मिळाला; शिवाय वर्तुळातील शेतकऱ्यांनी ठरलेल्या दराने कंपनीसाठी लाकूड तोडणे, कोळसा पाडणे आणि वाहतूक करणे बंधनकारक झाले. या वर्तुळाचे क्षेत्रफळ काढून पाहिले तर ते सहा हजार चौरस किलोमीटरांच्या वर जाते. सगळा गोवा त्यात बसतो आणि तरीही जागा उरते.

पोर्तुगीज सरकारने आमच्याकडे खाणींचे जे परवाने दिले तेही मुदतीविनाच होते, आणि ते संपवून त्यांचे रीतसर पट्टे करायला भारतीय संसदेला १९८७ चा कायदा करावा लागला. तरी आमच्या परवान्यांत गावकऱ्याच्या श्रमावर हक्क नव्हता. ऱ्योरोसच्या सनदेत तो होता.

खनिज काढण्याची पद्धत लाकूड खाणारी होती. खडकाला लाकडांचा जाळ लावून तो तापवायचा, म्हणजे तडे जाऊन तो फोडता येतो. ही रीत बारूद आल्यावरही, अगदी एकोणिसाव्या शतकापर्यंत, तिथे चालू राहिली. त्यानंतर खनिज भाजायला लाकूड आणि वितळवायला कोळसा लागे. गावाभोवतालचे जंगल लवकरच संपले आणि भट्ट्या लाकडाच्या शोधात लांब लांब उभाराव्या लागल्या; फेमुंडच्या काठची भट्टी हे त्याचेच उदाहरण. माल हलवायचा तो हिवाळ्यात. उन्हाळ्यात दलदल असते, पण सरोवरे आणि नद्या गोठल्या की त्यांच्यावरून घोड्यांच्या घसरगाड्या सरळ रेषेत धावतात. आसपासच्या गावांतील शेतकरी हिवाळाभर खनिज, कोळसा आणि लाकूड वाहून दोन पैसे मिळवत. आमच्याकडे ट्रकवाले आणि बार्जवाले यांचे खाणीशी जे नाते होते, नेमके तेच. खाण थांबली की आधी उपाशी पडतो तो हाच माणूस, कारण कंपनीच्या हजेरीपटावर त्याचे नाव नसते.

गावाने युद्धेही सोसली. १६७८ आणि १६७९ साली स्वीडिश सैन्याने ते जाळले. १७१८ साली पुन्हा स्वीडिश तुकडी येऊन तांबे घेऊन गेली. त्याच मोहिमेतील मुख्य सैन्य वर्षाच्या अखेरीस डोंगर ओलांडून परतताना बर्फवादळात सापडले आणि सुमारे तीन हजार सैनिक गोठून मेले. आज ऱ्योरोसमध्ये दिसणारी काळपट लाकडी घरे जाळपोळीनंतरच्या काळातली आहेत.

त्या घरांची रचना पाहिली की तिथल्या जगण्याचे गणित कळते. रस्त्याच्या बाजूला राहते घर, मागे अंगण, आणि अंगणाभोवती गोठा, तबेला, चाऱ्याची कोठी. खाणीतला कामगार गावातच गाय पाळत होता आणि गावाबाहेरच्या तुकड्यावर गवत कापत होता. वेतन थकले, आणि ते वारंवार थकत असे, तरी घरात दूध असायचे. १९७७ नंतर ऱ्योरोस उभे राहिले त्याला जे दोन आधार होते, त्यांपैकी पहिला हा होता असे माझे मत आहे. खाणीने जंगल खाल्ले, पण कुरणे पुरती खाल्ली नाहीत. आमच्याकडे शिरगाव, पिसुर्ले, मये या भागांत खाणीच्या डंपांची, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगांची, माती पावसाबरोबर शेतात उतरली आणि भाताची खाचरे गाळाने भरली. त्यामुळे खाण बंद झाली तेव्हा परत जायला शेतच नव्हते.

दुसरा आधार पालिकेचा, पण तिथपर्यंत पोहोचायला वेळ लागला. जवळजवळ दोनशे वर्षे ऱ्योरोसमध्ये कंपनी हेच सरकार होते. शाळा तिची, डॉक्टर तिचा, गरिबांना मदत तिची, खाणकामगारांचे खटले ऐकणारे न्यायालयही खाणींसाठीचे वेगळे. कामाच्या पाळीची घंटा भट्टीपाशी वाजे आणि तिच्यावर सगळ्या गावाचा दिवस चाले. १७८४ साली पुरे झालेले दगडी चर्च कंपनीनेच बांधले. त्यात सुमारे १,६०० माणसे बसू शकतात आणि मनोऱ्यावर खाणकामगारांचा हातोडा आणि छिन्नी यांचे चिन्ह आहे. आत कोणी कुठे बसायचे ते हुद्द्यावरून ठरलेले असे. आमच्या देवस्थानांत मानाच्या क्रमावरून पिढ्यान्‌पिढ्या वाद चालतात, ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही बाकांची उतरंड वेगळी समजावून सांगायला नको.

१८१४ साली नॉर्वेला स्वतःची राज्यघटना मिळाली, जरी राजा पुढे १९०५ पर्यंत स्वीडनचाच राहिला. १८३३ च्या संसदेत शेतकऱ्यांची संख्या वाढली आणि त्यांच्या रेट्याने १४ जानेवारी १८३७ रोजी स्थानिक स्वराज्याचे कायदे मंजूर झाले. त्यांनुसार देशभर निवडून आलेल्या परिषदा स्थापन झाल्या आणि ऱ्योरोसची पालिका १८३८ च्या आरंभी अस्तित्वात आली. मतदानाचा हक्क सुरुवातीला जमीनदार, अधिकारी आणि व्यापारी अशा थोड्यांनाच होता, तेव्हा खाणीच्या तळाशी काम करणाऱ्याला या पालिकेत लगेच आवाज मिळाला असे समजू नये. कर भरणाऱ्या स्त्रियांना पालिकेच्या निवडणुकीत मत मिळाले १९०१ साली आणि सर्व स्त्रियांना १९१० साली. तरीही फरक मूलभूत होता. शाळा आणि गरिबांची सोय यांचा हिशेब आता कंपनीच्या कचेरीबाहेर, निवडलेल्या माणसांपुढे मांडावा लागणार होता. याच काळात गाव बाहेरच्या जगाशी जोडले जात होते. १८५४ साली फेब्रुवारीतली मोठी जत्रा राजाज्ञेने सुरू झाली आणि ती आजही भरते; १८७७ साली रेल्वे आली; १८९६ साली ग्लोमा नदीवरच्या कुरोसफोसेन धबधब्यावर वीजनिर्मिती सुरू झाली आणि ती वीज खाणीत पोहोचली.

१९२६ साली पालिकेचे चार तुकडे झाले. खाणीचे गाव एक, भोवतालचा ग्रामीण भाग दुसरा, आणि ब्रेक्केन व ग्लोमोस या आणखी दोन. १९६४ साली देशभर पालिकांची संख्या कमी करण्याची मोहीम झाली तेव्हा चारही पुन्हा एकत्र आल्या. गावकरी आणि बाजारकरी यांचे हितसंबंध वेगळे असतात म्हणून फुटायचे आणि चार छोट्या तिजोऱ्या परवडत नाहीत म्हणून पुन्हा जुळायचे, हा खेळ सगळीकडे सारखाच दिसतो. नॉर्वेत १९३० च्या सुमारास साडेसातशेच्या जवळपास पालिका होत्या. आज ३५७ आहेत. गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत आणि त्या एकत्र कराव्यात असे म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही.

नॉर्वेत नगर आणि ग्राम असे दोन वेगळे कायदे नाहीत. देशाची सगळी जमीन कोणत्या ना कोणत्या पालिकेत येते आणि ऑस्लोपासून दोनशे वस्तीच्या बेटापर्यंत सर्व पालिकांची मूलभूत कर्तव्ये तीच असतात. निवडणूक दर चार वर्षांनी सप्टेंबरात, पक्षांच्या किंवा स्थानिक गटांच्या याद्यांवर, प्रमाणशीर पद्धतीने होते. मतदाराला यादीतल्या आवडीच्या उमेदवाराला जादा पसंतीही देता येते. तीन वर्षे सलग राहिलेल्या परदेशी नागरिकालाही स्थानिक निवडणुकीत मत असते. कायद्याप्रमाणे पाच हजार ते वीस हजार वस्तीच्या पालिकेत किमान १९ सदस्य हवेत, आणि ऱ्योरोस याच गटात येते. सदस्य आपल्यातून नगराध्यक्ष आणि किमान पाच जणांची कार्यकारी समिती निवडतात. समितीतही पक्षांना त्यांच्या संख्येनुसार जागा मिळतात, त्यामुळे विरोधकही आत असतात. प्रशासन मुख्याधिकाऱ्याच्या हाती असते आणि त्याची नेमणूक परिषदच करते, वरून बदली होऊन कोणी येत नाही. आमचा सरपंचही पंचांमधूनच निवडला जातो, पण तो पाच वर्षे टिकेल याची हमी कोणी देत नाही. अविश्वास ठराव हा आमच्या पंचायतींचा नित्याचा व्यवहार झाला आहे. तिथे नगराध्यक्ष पूर्ण मुदतीसाठी असतो आणि त्याला काढणे केवळ अपवादात्मक परिस्थितीतच शक्य होते.

पण निवडणुकीच्या पद्धतीपेक्षा कामांची यादी जास्त बोलकी आहे. बालवाड्या, दहावीपर्यंतच्या शाळा, कुटुंबाचा नेमून दिलेला डॉक्टर, वृद्धांची घरपोच शुश्रूषा आणि वृद्धाश्रम, समाजकल्याण, पाणी, सांडपाणी, अग्निशमन, गावरस्ते, जमीनवापराचा आराखडा, हे सगळे पालिकेचे काम आहे. त्यावरचे उच्च माध्यमिक शिक्षण आणि मोठे रस्ते जिल्ह्याकडे, म्हणजे ऱ्योरोसच्या बाबतीत २०१८ साली दोन जिल्हे एकत्र करून झालेल्या ट्रोंडेलागकडे. रुग्णालये २००२ पासून राज्याकडे. पैसा येतो तो रहिवाशांच्या उत्पन्नकरातील वाट्यातून, राज्याच्या एकत्रित अनुदानातून आणि सेवांच्या शुल्कातून. मालमत्ता कर लावायचा की नाही हे परिषद ठरवते. जमाखर्चाचा मेळ सतत बसला नाही तर पालिकेचे नाव एका राष्ट्रीय यादीत जाते आणि मग कर्ज काढायलाही राज्याच्या प्रतिनिधीची मंजुरी लागते. म्हणजे स्वायत्तता आहे, पण उधळपट्टीला दोरी बांधलेली आहे.

आमच्या पंचायतीकडे काय आहे? बांधकाम परवाना, घरपट्टी, व्यापाराचा दाखला, रस्त्यावरचे दिवे, कचरा. संविधानाच्या ७३व्या दुरुस्तीने २९ विषय पंचायतींकडे सोपवता येतील असे म्हटले आणि गोव्याचा पंचायत राज कायदा १९९४ साली झाला. तरी शाळा शिक्षण खात्याची, आरोग्य केंद्र आरोग्य खात्याचे, नळ सरकारच्या पाणीपुरवठा खात्याचा, हे चित्र बदलले नाही. त्यामुळे खाण थांबली तेव्हा पंचायतीने ठराव केला, निवेदन दिले आणि पणजीकडे पाहत बसली. ग्रामसभेत बसणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे, की तिथे सर्वांत जास्त आवाज ना हरकत दाखल्यावरून होतो, कारण पंचायतीच्या हातात खरोखर असलेली ती एकच किल्ली आहे.

१९७७ साली ऱ्योरोसमध्ये शेवटचे खनिज निघाले, तेव्हा शाळेतला शिक्षक, वृद्धाश्रमातली परिचारिका आणि पाणीपुरवठ्याचा कर्मचारी यांचे पगार खाणीवर अवलंबून नव्हते. हे साधे वाटते, पण वस्ती टिकते ती अशाने. लोकर विणणारा ऱ्योरोस ट्वीडचा कारखाना १९४० सालापासून होता, खुर्च्यांचा कारखाना होता, दुधावरची उत्पादने पुढे वाढली. १९८० साली युनेस्कोने गावाला जागतिक वारसा यादीत घेतले आणि २०१० साली त्या नोंदीत राजाने आखून दिलेले ते सगळे वर्तुळ, फेमुंडची भट्टी आणि गोठलेल्या सरोवरांवरची हिवाळी वाट हेही जोडले गेले. पर्यटन वाढले, हे खरे. पण वारसा पाहायला येणाऱ्या पाहुण्यांनी गाव वाचवले असे जे सांगितले जाते ते मला अर्धवट वाटते. पाहुणे आले तेव्हा दाखवायला जिवंत गाव शिल्लक होते, म्हणून ते आले. जुने गोवे १९८६ पासून त्याच यादीत आहे, तिथे चर्चेस उभी आहेत आणि एके काळचे शहर नाही. ऱ्योरोसच्या लाकडी घरांत आजही माणसे राहतात, खिडकी बदलायची तरी नियम पाहून बदलतात आणि त्यावरून कुरकुरतातही.

गावाच्या कडेला भट्टीच्या मळीचे काळे ढिगारे आहेत. ते उचलून टाकण्याऐवजी तेही वारसा म्हणून राखले गेले. मळी आणि खाणी यांचा हिशेब मात्र अजून मिटलेला नाही. ऱ्योरोसचे खनिज गंधकयुक्त आहे. उघड्या पडलेल्या खडकावर हवा आणि पाणी यांची क्रिया होऊन आम्ल तयार होते आणि तांबे व जस्त विरघळवून ते ओढ्यांत उतरते. खाण बंद झाल्याने हे थांबत नाही, शतकानुशतके चालू शकते. वायव्येकडच्या खाणक्षेत्राची ही जबाबदारी पालिकेवर न टाकता राज्याच्या खनिज विभागाने घेतली आहे, कारण साडेपाच हजार माणसांच्या करातून ती निभावणे शक्यच नाही. गोव्याचे लोहखनिज मुख्यतः ऑक्साइड स्वरूपाचे असल्याने आमच्या खंदकांतले पाणी तसे आम्लधर्मी होत नाही, उलट उन्हाळ्यात टंचाई आली की खाणीच्या खंदकातले पाणी उपसून नदीत सोडले जाते आणि ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून ते नळांना येते. आमचे दुखणे गाळाचे आणि खचणाऱ्या डंपांचे आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने लोहखनिजाच्या विक्रीतील १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत ठेवण्याचा आदेश दिला, आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठानेही आली. त्या पैशातून कोणत्या गावाचा कोणता डंप आधी बांधून काढायचा, कोणाच्या खाचरातला गाळ आधी उपसायचा, हे ठरवण्याचा अधिकार मात्र ज्या पंचायतीच्या हद्दीत तो डंप उभा आहे तिच्याकडे नाही.